थ्री नॉट थ्रीची धाकटी भावंडं

मंडळी, गेल्या वेळी सोनचाफ्यावर लिहिलं होतं, आज बंदुकीवर लिहितोय. घरच्यांनी काळजी करू नये, म्हातारा ठीक आहे. विषय निघाला तो एका भाच्यामुळे.

हा भाचा राज्य राखीव पोलीस दलातून काही वर्षांपूर्वी निवृत्त झाला. वेल्ह्याकडे (२०२४ पासून त्या तालुक्याला राजगड म्हणायचं, पण जीभ ऐकत नाही) त्याची वडिलोपार्जित थोडी जमीन आहे. भात पोटरीत आला की रानडुकरं, नाचणी कापायला आली की रानडुकरं. एका रात्रीत अर्धं वावर लोळवून जातात. बिचाऱ्याने खेटे घालून परवाना मिळवला आणि मग एका रविवारी माझ्याकडे आला. म्हणाला, "मामा, थ्री नॉट थ्रीसारखीच, पण पेन्शनीत बसेल अशी रायफल मिळते का हो? माझा हात तिच्यावरच बसलाय."

बंदुकीची चौकशी इतिहासाच्या मास्तराकडे! पण आमच्या गोतावळ्यात कुठलाही प्रश्न फिरून फिरून शेवटी माझ्याच दारात येतो.

मी म्हटलं, थ्री नॉट थ्री तुला मिळायची नाही, कायदा मिळू देणार नाही. पण तिची धाकटी बहीण मिळेल. त्याच कारखान्यात जन्मलेली, त्याच चेहऱ्यामोहऱ्याची, आणि रायफलींमध्ये त्यातल्या त्यात स्वस्त. तिचं नाव तीनशे पंधरा. त्यावर तो म्हणाला, "ते माहीत आहे मामा. पण एकाच आईच्या दोन लेकी, एक घरात चालते आणि दुसरी का चालत नाही?"

या 'का'चं उत्तर दीडशे वर्षं मागे जातं, आणि त्याचा बराचसा भाग आपल्या पुण्याभोवती फिरतो. म्हणून हा लेख.

आधी थोरली बहीण. 'थ्री नॉट थ्री' म्हणजे नळीचं तोंड ०.३०३ इंच, म्हणजे ७.७ मिलिमीटर. कागदोपत्री नाव ली-एनफील्ड. ली म्हणजे जेम्स पॅरिस ली, जन्माने स्कॉटिश, वाढला कॅनडात. काडतूस आत सरकवणारा आणि रिकामं बाहेर फेकणारा बोल्ट आणि खालची काडतुसांची पेटी ही त्याची करामत. एनफील्ड हे लंडनजवळचं गाव, तिथे सरकारी बंदुकांचा कारखाना होता. १८९५ साली ही रायफल ब्रिटिश फौजेत आली, पुढे नळी आखूड करून सुधारली आणि १९०७ साली तिचं जे रूप ठरलं तेच आपल्याकडे साठ-सत्तर वर्षं चाललं. पेटीत दहा काडतुसं. वजन चार किलोच्या आसपास. बंगालमध्ये हुगळीकाठी इच्छापूरला जुना दारूचा कारखाना होता, तिथे १९०४ साली रायफलींचा कारखाना निघाला आणि आपल्या हातात आलेल्या बहुतेक थ्री नॉट थ्री तिथल्याच.

माझा आणि तिचा परिचय १९६७ सालचा. चीनच्या युद्धानंतर १९६३ पासून कॉलेजात एन.सी.सी. सक्तीची झाली होती, ती सक्ती उठायच्या आत मी कॉलेजात दाखल झालो. खाकी अर्धी चड्डी, अंगात मांस नाही आणि खांद्यावर ही चार किलोची बाई. 'बाजू शस्त्र', 'सलामी शस्त्र' करता करता मनगट सुजायचं. वर्षातून एकदा गोळ्या झाडायला मिळायच्या, त्याही मोजून पाच. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट दाबून धरा, असं उस्ताद ओरडून सांगायचे. ज्याने ऐकलं नाही त्याला चार दिवस डाव्या हाताने जेवावं लागे. पण बोल्ट मागे ओढून पुढे सरकवला की जो 'खटाक्-खट्' आवाज यायचा, तो या वयातही मी झोपेत ओळखीन. इतकं सुबक यंत्र त्याआधी माझ्या हातात आलंच नव्हतं. आमच्या घरातलं सर्वांत गुंतागुंतीचं यंत्र म्हणजे आईचं शिवणयंत्र.

आता गंमत बघा. ज्या एनफील्डचं नाव या रायफलीला आहे, त्याच एनफील्डच्या आधीच्या पिढीने १८५७ घडवलं. चरबी लावलेली काडतुसं शाळेत आपण सगळ्यांनी वाचली आहेत. ती काडतुसं एनफील्डच्या १८५३ सालच्या नमुन्याच्या रायफलीची. अफवा प्रथम उठली ती डमडमच्या शस्त्रागारात, मंगल पांडेने बंदूक उगारली ती बराकपूरला, आणि बराकपूरपासून इच्छापूर हाकेच्या अंतरावर. आम्ही मास्तर लोक काडतुसाच्या चरबीवर थांबतो, कारण परीक्षेत तेवढंच विचारतात. पुढचं कुणी विचारत नाही: उठाव मोडल्यावर त्या रायफलींचं काय झालं?

पुढे असं झालं. देशी पलटणींकडून तोफा काढून घेतल्या, थोड्याशा डोंगरी तोफा तेवढ्या ठेवल्या. आणि रायफलींच्या नळीतले आटे घासून काढले. रायफल आणि साधी बंदूक यांत फरक तो या आट्यांचाच. नळीच्या आत नागमोडी खाचा असल्या की गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि लांबवर नेमकी लागते. आटे नसले की गुळगुळीत नळी, शंभर पावलांपलीकडे नेम रामभरोसे. बाहेरून तीच दिसणारी, वजनाला तीच, कवायतीला तीच असलेली बंदूक हिंदी शिपायाच्या हातात आली, आतून मात्र निम्म्या ताकदीची. पुढची पन्नास वर्षं हा रिवाजच पडला. गोऱ्या शिपायाला नवा नमुना मिळाला की त्याने टाकलेला जुना हिंदी शिपायाला. गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा आपल्याकडे स्नायडर, त्यांच्याकडे ली-मेटफर्ड आली तेव्हा आपल्याकडे मार्टिनी. मोठ्या भावाचे कपडे धाकट्याला, तशातला प्रकार. फक्त इथे काटकसर हे कारण नव्हतं. पुन्हा सत्तावन्न झालंच, तर गोरी पलटण एक पाऊल पुढे असावी, हे कारण.

खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना याच काळातला, १८६९ सालचा. म्हणजे उठावानंतर बारा वर्षांनी. मुंबई इलाख्याच्या फौजेची काडतुसं आपल्या पुण्याच्या उशाशी तयार होऊ लागली आणि तिथे कामाला हात आपलेच होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फौजेचं असं, तर रयतेचं काय? १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. परवान्याशिवाय बंदूक बाळगायची नाही, न्यायची नाही, विकायची नाही. गोऱ्यांना आणि सरकारच्या काही निवडक मानकऱ्यांना सूट. कूर्गच्या लोकांनाही सूट होती, ती अजून आहे, २०१९ साली केंद्र सरकारने आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. बाकी सगळ्यांनी काठी घेऊन वाघ हाकलावा. काँग्रेसने १८८७च्या मद्रास अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव केला आणि पुढेही करत राहिली. मवाळांच्या मागण्यांत ही मागणी बघून आज आश्चर्य वाटतं, पण त्यांना बंदुका झाडायच्या नव्हत्या. अपमान टोचत होता. शेजारचा गोरा कारकून ज्या वस्तूला पात्र, तिला आम्ही अपात्र का?

वासुदेव बळवंत फडके याच वेळचे. पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत नोकरी करणारा हा माणूस. हिशेबनीस असल्यामुळे त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असणार की बंड हे आधी खर्चाचं काम आहे. माणसं जमवायची तर पगार, शस्त्रं जमवायची तर पैसा, आणि पैसा सावकाराच्या पेटीत. २३ फेब्रुवारी १८७९ रोजी शिरूरकडच्या धामारीवर त्यांनी पहिला छापा घातला तो या पैशासाठी. बरोबर रामोशी मंडळी, हातात प्रामुख्याने तलवारी, भाले आणि थोड्या जुन्यापान्या बंदुका. समोरच्या फौजेकडे पाठीमागून भरायच्या रायफली. त्याच जुलैत विजापूर जिल्ह्यात देवर नावदगी इथे मेजर डॅनियलने त्यांना पकडलं, खटला पुण्यात चालला, जन्मठेपेवर एडनला पाठवलं आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच ते गेले. 'परवडणारी बंदूक' हा प्रश्न भाच्याच्या पेन्शनीपुरता नाही तो असा.

मग १९१४ उजाडलं. युरोपात माणसं कमी पडू लागली तशी हिंदी पलटणी बोटीत घालून फ्रान्सला नेल्या. मार्सेय बंदरावर उतरल्यावर त्यांच्या जुन्या रायफली काढून घेतल्या आणि १९०७च्या नमुन्याच्या नव्या कोऱ्या हातात दिल्या, कारण फ्रान्समध्ये जे नवं काडतूस चालत होतं त्याला जुन्या रायफली जुळेनात. साठ वर्षांचा अविश्वास एका धक्क्यावर दोन-चार दिवसांत संपला! गरज पडली की विश्वास बसतो. आपली पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात गेली, तीत मराठा पलटणी होत्या. कुतला वेढ्यात उपासमार झाल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी ती शरण गेली. शरण जाण्याआधी तोफा, दारूगोळा नासून टाकला, तुर्कांच्या हाती लागू नये म्हणून. हत्यार पराक्या हातात जाता कामा नये, हे सरकार चांगलं जाणून होतं. घरी परतल्यावर त्याच शिपायाचा हात पुन्हा पराका झाला, हे मात्र कुठल्या फलकावर कोरलेलं मला दिसलं नाही.

आता धाकटी भावंडं.

पहिलं भावंड म्हणजे पोलिसांची मस्कट, चारशे दहा. पोलिसांना, तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना बंदूक तर द्यायला हवी. पण ती चोरीला गेली, किंवा पोलीसच उलटले तर? म्हणून पहिल्या महायुद्धानंतर इच्छापूरच्या कारखान्यात थ्री नॉट थ्रीच घेतली, नळी आतून मोठी आणि गुळगुळीत केली, आणि काडतुसांच्या पेटीच्या जागी लाकडी ठोकळा बसवला. एका वेळी एकच काडतूस. फौजेचं काडतूस तिच्यात चालायचं नाही आणि तिचं फौजेच्या रायफलीत बसायचं नाही. लांबून बघणाऱ्या जमावाला मात्र वाटावं, रायफलच आहे! १८५७ नंतर आटे घासले होते, त्याचीच ही पुढची आवृत्ती. पुण्याच्या तिजोऱ्यांवर, पोलीस चौक्यांच्या दारात उभ्या असलेल्या हवालदाराच्या खांद्यावर माझ्या लहानपणी जी बंदूक दिसायची, ती बहुधा ही.

दुसरं भावंड आपल्या भाच्याचं, तीनशे पंधरा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारने ठरवलं की फौजेच्या मापाची काडतुसं खासगी माणसाच्या रायफलीत चालता कामा नयेत. हा नियम साहेब शिकाऱ्यांनाही लागू झाला. आता संस्थानिक, जमीनदार, चहामळ्यांचे साहेब, जंगलखात्याचे अंमलदार यांना रायफली विकून पोट भरणाऱ्या बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीपुढे पेच पडला. रायफल तर थ्री नॉट थ्रीचीच बनवता येत होती, सगळी यंत्रं तीच. मग तिला काडतूस कुणाचं द्यायचं? त्यांनी ऑस्ट्रियाच्या फौजेचं आठ मिलिमीटरचं मानलिखर काडतूस उचललं. आठ मिलिमीटर म्हणजे ०.३१५ इंच. ऑस्ट्रियाची फौज हिंदुस्थानात कुठून येणार, तेव्हा चोरून आणायलाही काडतुसं मिळायची नाहीत. झालं, हिंदुस्थानच्या बाजारासाठी खास तीनशे पंधरा जन्माला आली. पुढे महायुद्धात ऑस्ट्रिया शत्रू ठरला आणि इकडे साहेब मजेत शत्रूच्या काडतुसाने चितळ मारत होते.

(जाता जाता: मऊ तोंडाची, अंगात शिरल्यावर फुलणारी 'डमडम' गोळी थ्री नॉट थ्रीचीच आणि त्याच डमडमच्या शस्त्रागारातली. १८९९च्या हेगच्या परिषदेने युद्धात तिच्यावर बंदी घातली. माणसावर चालवायची नाही, रानडुकरावर चालेल. असो.)

स्वातंत्र्य आलं. इच्छापूरही आपलं झालं, खडकीही आपली झाली. मला वाटत होतं, निदान ही वर्गवारी तरी गेली असेल. १९५९ साली शस्त्रांचा नवा कायदा झाला, १९६२ साली नियम आले. त्या नियमांच्या परिशिष्टात कोष्टक आहे. त्यात .३०३ आणि ७.६२ मिलिमीटरच्या रायफली, आणि त्यांची फौजी काडतुसं ज्यात चालतील अशी कोणतीही बंदूक, एका खास वर्गात घातली आहे. आणि त्याच ओळीत पुढे चारशे दहाची मस्कटही! आपल्याच पोलिसांसाठी मुद्दाम अर्धी करून ठेवलेली बंदूकसुद्धा नागरिकाच्या हातात नको. तीनशे पंधरा मात्र साध्या परवान्यावर. ती इच्छापूरलाच बनू लागली, बोल्ट तोच, बांधा तोच, पेटीत पाच काडतुसं. राज्य बदललं, कोष्टकाचा साचा तोच राहिला.

याचा विनोदी भाग सातासमुद्रापलीकडे आहे. चीनच्या युद्धात आपले जवान थ्री नॉट थ्री घेऊन लढले, त्यानंतर इच्छापूरने त्याच रायफलीला ७.६२चं नवं काडतूस घ्यायला लावून एक नवा नमुना काढला. स्वयंचलित रायफली पुरेशा होईपर्यंतची सोय. पुढे त्या निकामी ठरल्या आणि त्यांतल्या बऱ्याच अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी विकत घेतल्या. माझा एक पुतण्या टेक्सासला असतो. त्याने एकदा दुकानातल्या अशा रायफलीचा फोटो पाठवला, नळीच्या मागे ठसा: इच्छापूर. 'काका, ही इथे जुन्या फौजी बंदुकांत स्वस्तातली समजतात. नवशिके हिच्यापासून सुरुवात करतात.' म्हणजे बंगालमध्ये आपल्या कामगारांनी घडवलेली, आपल्या जवानांनी वापरलेली रायफल टेक्सासचा शेतकरी किराणा आणल्यासारखी घरी आणू शकतो, आणि जो माणूस तीस वर्षं सरकारी हुकमाने हीच बंदूक खांद्यावर वाहत होता, तो वेल्ह्याला नेऊ शकत नाही.

पुतण्याच्या फोटोने भाचा खूपच पेटला. पण मी त्याला सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो. टेक्सासची पद्धत मला नको आहे. तिथल्या शाळांच्या बातम्या वाचून चाळीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाच्या पोटात काय होतं ते मलाच माहीत. कायदा कडक असावा. माझं म्हणणं एवढंच की आपला कायदा कुणाच्या भीतीतून आला हे आपण विसरलो आहोत. एखाद्या शेतकऱ्याच्या हातात किती ताकदीची बंदूक असावी, याचा विचार त्याच्या शेताकडे बघून, शेजारच्या वस्तीकडे बघून करता येतो. आपल्याकडे तो झाला नाही. फौजेच्या कोठारातून चोरलेलं काडतूस त्याच्या बंदुकीत बसेल का, एवढाच प्रश्न विचारला गेला. तीनशे पंधराची गोळी काही कमी जीवघेणी नाही. दोन-तीन किलोमीटर जाईल. रानडुक्कर चुकलं तर पलीकडच्या वाडीत कुणाच्या अंगणात पडेल, सांगता येत नाही.

म्हणून माझा सल्ला साधा होता: बारा बोअरची काडतुसाची बंदूक घे. छर्रे पन्नास पावलांत काम करतात आणि फार लांब जात नाहीत. कोकणात आजही पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आहेत. दारू ठासा, छर्रे घाला, चिंधी कोंबा, आणि एवढं होईपर्यंत डुक्कर घरी जाऊन झोपलेलं असतं. तिच्यापेक्षा बारा बोअर बरी. शिवाय वनखात्याच्या परवानगीशिवाय रानडुकराला हात लावता येत नाही, बंदूक कुठलीही असो. विलायती रायफलीचं तर नावच काढू नकोस. परदेशी हत्यारांची खासगी आयात १९८०च्या दशकात बंद झाली, त्यामुळे त्याआधी आलेल्या जुन्या मालालाच सोन्याचे भाव. अमेरिकन फौजेच्या १९०६च्या काडतुसावर चालणारी आणखी एक रायफल आपल्या सरकारी कारखान्याने काढली आहे, तीही कायद्याला चालते. ऑस्ट्रियाची फौज चालते, अमेरिकेची चालते, आपली तेवढी नाही!

भाच्याने सगळं शांतपणे ऐकलं. मग पुण्यातल्या एका दुकानात गेला, तीनशे पंधरा हातात घेतली, डोळे मिटून बोल्ट ओढला. "मामा, तोच आवाज!" असा त्याचा फोन आला तेव्हाच मी ओळखलं की बारा बोअर गेली. कुणा परवानेधारकाच्या घरातून कमी वापरलेली एक मिळाली, कागदपत्रं रीतसर झाली. भाचेसून म्हणाली, एवढ्या पैशांत तारेचं कुंपण झालं असतं. तिचं गणित बरोबर आहे. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला तिलाच त्याला आठवण करून द्यावी लागते.

थोरल्या बहिणीची अखेर मात्र वाईट झाली. तिचा मान कमी झाला तो तिच्या दोषाने नव्हे, आपण तिला फार वर्षं राबवली म्हणून. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर समोर एके-४७ होत्या आणि आपल्या रेल्वे पोलिसांकडे लाठ्या आणि थोड्या थ्री नॉट थ्री. रेल्वे सुरक्षा दलाचे जिल्लू यादव यांनी सहकाऱ्याच्या हातातली रायफल घेऊन गोळ्या झाडल्या, आणि मग हाताशी आलेली खुर्ची फेकली. एक गोळी झाडली की बोल्ट मागे, बोल्ट पुढे, मग दुसरी. समोरचा तेवढ्यात अख्खी पेटी रिकामी करतो. १९०७ सालचा नमुना, २००८ सालची रात्र. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तर २०२०च्या प्रजासत्ताकदिनी संचलनात मिरवून तिला निरोप दिला. निरोपाचा फोटो मी वर्तमानपत्रातून कापून ठेवला आहे, एन.सी.सी.च्या प्रमाणपत्राशेजारी.

धाकटी अजून आहे, आणि तिच्याबद्दलची सर्वांत अवघड गोष्ट मी शेवटी ठेवली. फौजेचं काडतूस बाहेर जाऊ नये म्हणून तीनशे पंधराचा सगळा खटाटोप झाला. तसं काडतूस वेगळं झालं खरं. पण परवान्यावर, दुकानात, देशभर मिळणारं रायफलीचं काडतूस म्हटलं की तेच उरलं. मग उत्तरेत गावोगावच्या भट्ट्यांवर जे गावठी कट्टे बनतात, ते त्या मापाचे बनू लागले. बंदूक बनवणाऱ्याला आधी काडतूस बघावं लागतं आणि स्वस्तात, सहज मिळणारं हे होतं. उत्तर प्रदेश, बिहारमधल्या खुनांच्या खटल्यांचे निकाल चाळा, 'तीनशे पंधरा बोअरचा देशी कट्टा' हे शब्द सारखे भेटतात. सरकार घाबरलं होतं ते बंडाला. तिथे बंड झालं नाही, बांधावरून आणि हुंड्यावरून माणसं मेली.

त्या निकालपत्रांत घटनास्थळी सापडलेल्या पुंगळीचं वर्णन असतं. बुडावर कोरलेली अक्षरं साक्षीदार वाचून दाखवतो: '८ एमएम केएफ'. वकील पुढच्या मुद्द्याकडे वळतात. 'के' म्हणजे किरकी, आपली खडकी. 'एफ' म्हणजे फॅक्टरी. त्या कारखान्यांचं २०२१ साली कंपन्यांत रूपांतर झालं, खडकी एका कंपनीत गेली आणि इच्छापूर दुसऱ्या.

आमच्या आळीत एक काका राहायचे, खडकीला कारखान्यात पस्तीस वर्षं होते. पहाटे डबा सायकलला अडकवून निघायचे, भोंग्याच्या आत पोचायचे, एकही दिवस उशीर नाही. काम काय करता असं विचारलं तर म्हणायचे, "पितळेच्या बुडावर दोन अक्षरं उठतात ना, ती नीट उठली की नाही ते बघतो." आम्हां पोरांना त्या कामाचं फार हसू यायचं.